फाटेकर

रोशनबीने ओला फडका फळ्याला टेकवला आणि तिचा हात तसाच थांबला.

फळ्याच्या वरच्या बाजूला सकाळचं तिचंच गोल, सुटं अक्षर होतं. "नव्या बँकेतले सगळे कागद हिंदीत आणि इंग्रजीत. पैसे आमचे, गाव आमचं, मग भाषा परकी का? – फाटेकर." त्याखाली तिरक्या, घाईच्या अक्षरात उत्तर होतं. तिने ते एकदा वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"बँकेचं राहू द्या, फाटेकर. आपल्या फाट्यावरच बघा. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात राहून ज्यांना मराठी येत नाही, त्यांचं काय? साधा चहा मागायचा तरी आपल्याला हिंदीत बोलावं लागतं. आधी त्यांना शिकवा, मग बँकेला. – प्रवासी."

त्याच्याही खाली आणखी दोघांनी आपापलं लिहून ठेवलं होतं. एकाने "शंभर टक्के बरोबर", दुसऱ्याने नुसतंच "वा!"

घोटावडे फाट्यावर चहाचं हॉटेल एकच होतं. ते रोशनबी आणि अलाउद्दीन मुलाणी यांचं होतं.

"काय लिवलंय गं आज?" बाकावरून कुशाबाने विचारलं. घोटावड्याचा हा म्हातारा रोज संध्याकाळी गुरं घराकडे लावून दिली की इथे येऊन बसायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण फळा ऐकल्याशिवाय तो उठत नसे. "मगाशी समदी हसत हुती."

रोशनबीने मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा आवाज शेवटपर्यंत सरळ राहिला.

"कुनाला येत न्हाई मराटी?"

"मला."

कुशाबा हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला. मग ती हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मुंडाशाच्या शेवाने तोंड पुसलं.

फळा गावच्या तरुण मंडळाने लावला होता. हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीवर, गाडीची वाट बघणाऱ्यांना दिसेल असा. मंडळाच्या पोरांनी चार महिने रेडिओवरच्या बातम्या लिहिल्या आणि मग ती पोरं कामधंद्याला पांगली. काळा फळा रिकामा बघवेना म्हणून रोशनबीने एका पहाटे, चुलीवर आधण ठेवून, आदल्या दिवशीची बातमी स्वतःच लिहिली. लग्नाआधी ती पौडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती आणि तिच्या अक्षराला गुरुजींनी बक्षीस दिलं होतं. बातमीखाली कुणाचं तरी नाव हवं म्हणून तिने गंमतीने "फाटेकर" असं लिहिलं.

लोकांना ते नाव खरंच वाटलं. फाटेकर म्हणजे पिरंगुटच्या शाळेतले कुणी मास्तर असणार, असा बहुतेकांचा अंदाज होता. रोशनबीने कुणाला खोटं सांगितलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही.

मग एका दिवशी बातमीखाली उत्तर आलं, आणि त्या उत्तराला तिने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. तेव्हापासून फळा बोलायला लागला. पुण्याहून उरवड्याच्या कंपन्यांत कामाला येणारी माणसं फाट्यावर उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघत; त्यांच्या हातात खडू आला. त्यातला "प्रवासी" सगळ्यांत तिखट. "कंपनीत कॉम्प्युटर येतोय, दहा कारकून घरी बसणार," असं त्याने लिहिलं, तेव्हा फाटेकरांनी विचारलं, "दहा कारकून घरी बसल्यावर घरच्या बायकांनी कुठे जायचं?" प्रवाशाने लिहिलं, "'बस'ला शुद्ध मराठी शब्द सुचवा." फाटेकरांनी एकच शब्द लिहिला: "उशीर." त्या दिवशी माणसं फळ्यासमोर उभी राहून हसत होती आणि आत रोशनबी पदराने तोंड दाबून भजी तळत होती. निवडणुकीच्या वेळी तर दोघांचं आठवडाभर जुंपलं होतं. एकमेकांचा पक्ष कोणता हे शेवटपर्यंत दोघांनी कळू दिलं नाही.

प्रवासी कोण, हे तिला ठाऊक होतं. चुलीमागच्या खिडकीतून फळ्यापुढे उभी राहणारी माणसं दिसत. तो जयसिंगराव, एका कंपनीत भांडारावर होता. इस्त्रीचा सदरा, काखेत कातडी बॅग. माणूस सभ्य होता. रोज आत आला की कपाळाला हात लावून म्हणायचा, "भाभी, एक चाय देना. शक्कर कम."

"साखर कमीच हाय. बसा," रोशनबी म्हणायची.

"बहुत अच्छा."

रोज हेच. रोशनबीच्या घरात नमाजातली अरबी आणि रेडिओवरची गाणी सोडली, तर दुसरी भाषा नव्हती. तिची आई जात्यावर मराठीत गायची. सासू मेली तेव्हा शेवटचं बोलली ते मराठीत. जयसिंगराव सवयीने बोलतो, असं रोशनबी आजवर स्वतःला सांगत आली होती. आणि खरं सांगायचं तर, समोर बसून आपल्याशी मोडकं हिंदी बोलणारा हा माणूस बाहेर जाऊन आपल्याशीच झकास मराठीत भांडतो, याची तिला आत कुठेतरी मजाही वाटत होती.

आता ती मजा नव्हती. कानशिलं तापली होती.

"पुसून टाक," अलाउद्दीन म्हणाला. तो बरण्या आत घेत होता.

"न्हाई पुसायची."

"त्यो काय तुला वाईट बोलला न्हाई. आपल्यासंगं हिंदीत बोलतोय ते मान द्यायला म्हून."

"मान?" ती वळली. "मी इतकी वर्सं त्याला मराटीत जबाब देतीया. रोज. त्याच्या म्होरं हुभी ऱ्हाऊन."

"तू देतीस. त्याला ऐकू येतंय कुटं?"

मग तिचा राग दुसरीकडे वळला. "आन तुमी? तुमी त्याच्यासंगं हिंदीत का बोलता? 'हाँ साहब, जी साहब'?"

"गिऱ्हाईक हाय." अलाउद्दीनने बरणीचं झाकण दोनदा फिरवलं, ते आधीच घट्ट बसलेलं होतं. "कंपनीची मानसं फिरकली न्हाईत तर हा चहा कुनाला पाजायचा? कुशाबाला?"

"मी पितो की," कुशाबा म्हणाला. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे रोशनबीने फळ्याला हात लावला नाही. आधण ठेवलं, पाव आले ते मांडले, दूध तापवलं. उजाडलं. कालचं सगळं फळ्यावर तसंच होतं. पुण्याची गाडी येऊन थांबली, कंपनीची माणसं उतरली आणि नेहमीसारखी आधी फळ्याकडे गेली. फाटेकरांनी काय उत्तर दिलंय ते बघायला. उत्तर नव्हतं.

"फाटेकर गार झाले वाटतं," कुणीतरी म्हणालं.

जयसिंगराव मागे उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट थोडी निराशाच होती.

रोशनबी बाहेर आली. हात पदराला पुसले. माणसांनी तिला वाट दिली, ती बहुधा फळा पुसायला आलीय असं समजून. तिने कोनाड्यातला खडू घेतला. खाली जागा थोडीच उरली होती, तिथे वाकून तिने लिहिलं. घाई केली नाही. ती लिहीत असताना मागची कुजबुज एकेक करून थांबत गेली, हे तिला पाठीला कळलं.

"चहा इतकी वर्षं मराठीतच मिळतो आहे. – फाटेकर."

अक्षर तेच होतं. गोल, सुटं, 'फ'ची शेपटी थोडी लांब. ते ओळखायला कुणाला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. एकाने शेजाऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. काल ज्याने "वा!" लिहिलं होतं, तो रस्त्यापलीकडच्या डोंगराकडे बघू लागला.

रोशनबी वळली. जयसिंगराव पुढ्यातच होता.

"भाभी," तो म्हणाला, "ये... ये आप..."

तो थांबला. आपण कुठल्या भाषेत बोलतोय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

"बोला," रोशनबी म्हणाली. "बोला की. मी ऐकतीया."

उरवड्याकडची गाडी आली आणि सगळी माणसं एकदमच तिच्याकडे धावली, जागा असूनही. त्या सकाळी भरून ठेवलेल्या पेल्यांतला चहा तसाच निवून गेला. अलाउद्दीनने तो ओतून दिला.

त्यानंतर जे झालं, त्याची तयारी रोशनबीने केली नव्हती. तिला वाटलं होतं भांडण होईल. भांडणासाठी ती रोज पहाटे मनात वाक्यं जुळवत होती. पण कुणी भांडलंच नाही. दोन-तीन दिवस माणसं बाहेरच्या बाहेर गेली, मग हळूहळू आत येऊ लागली आणि गोड बोलू लागली. काहीजण तर मुद्दाम तिला बघायला आले. शेजारच्या चांदे गावच्या शाळेतले एक मास्तर चहा घेता घेता म्हणाले, "काय शुद्ध मराठी लिहिता हो तुम्ही! वाचून वाटतच नाही."

"काय वाटत न्हाई?"

मास्तरांनी चहाचा मोठा घोट घेतला आणि त्यांची जीभ भाजली.

फळ्याचंही तेच झालं. तिने बातमी लिहिली की खाली येई, "छान, ताई!" तिने मुद्दाम चूक केली, धरणाचं पाणी वाढल्याऐवजी ओसरलं असं लिहिलं; धरण भरल्याचं सगळ्यांना ठाऊक असताना एकानेही तिला खोडून काढलं नाही. खाली लिहिलं होतं, "आपल्यासारख्या भगिनींचा आम्हांला अभिमान आहे." ते वाचून तिने फडका फळ्यावर असा फेकला की पाण्याचे ओघळ भिंतीवरून खाली आले.

"आता काय झालं?" अलाउद्दीनने विचारलं. "चांगलंच तर म्हनत्यात."

"मला चांगलं म्हना म्हून मी लिवलं व्हतं व्हय?" ती म्हणाली. "आदी मला मराटी येत न्हवती. आता येतीया म्हून आरती. ह्यांना फाटेकरासंगं भांडता येत हुतं. माज्यासंगं येत न्हाई."

तेवढ्यात एक पुण्याचा माणूस आत येऊन म्हणाला, "चाचा, दो चाय." अलाउद्दीनने पेले उचलले, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "देतो. बसा." रोशनबीने ऐकलं. त्या दोन चहांत तिने आलं जरा जास्त ठेचून घातलं.

जयसिंगराव आलाच नव्हता. तो गाडीतून उतरून, फळ्याकडे न बघता, रस्त्यापलीकडे झाडाखाली जाऊन उभा राहायचा. ऊन असो, पाऊस असो. त्याने माफी मागितली नाही. निरोपही पाठवला नाही. रोशनबी खिडकीतून त्याची पाठ बघायची आणि तिच्या मनातली सगळी वाक्यं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

श्रावण सरत आला होता तेव्हाची गोष्ट. फाट्यावर सार्वजनिक टेलिफोन बसणार अशी बातमी आली. तिने ती लिहिली आणि जुन्या खोडीने पुढे जोडलं, "आता गाडी का आली नाही ते पुण्याला विचारता येईल. – फाटेकर."

दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर ती बाहेर आली. बातमीखाली तिरकं, घाईचं अक्षर होतं.

"साफ चूक, फाटेकर. टेलिफोनने गाडी येत नाही. ती येणार नाही, एवढंच लवकर कळतं. आणि मराठीचा एवढा कैवार घेता, तर 'टेलिफोन' कशाला? 'दूरध्वनी' म्हणताना जीभ अडते का? – प्रवासी."

त्यात 'ताई' नव्हतं. 'भगिनी' नव्हतं. माफीसुद्धा नव्हती.

बाकाच्या टोकाला जयसिंगराव बसला होता. बॅग मांडीवर, नजर रस्त्यावर. दुपारच्या वेळी तो इथे कसा, हे तिने विचारलं नाही. त्याने घसा साफ केला आणि रस्त्याकडेच बघत म्हणाला, "एक चहा द्या." भाभी नाही, वहिनी नाही. पुढचं "साखर कमी" त्याच्या तोंडातच राहिलं.

रोशनबीने आत बघून अलाउद्दीनला बोटाने खूण केली: तुम्ही न्या.

"काय लिवलंय गं?" कुशाबाने मान वर करून विचारलं.

"माजं चुकलंय म्हनतोय. दूरध्वनी म्हनायचं म्हनं." तिचा आवाज चढला होता. बाकाच्या त्या टोकाला नीट ऐकू जाईल इतका. "ह्याच्या घरात कोन म्हनतं दूरध्वनी? सकाळी सकाळी बायकुला सांगतो का, 'अगं, दूरध्वनी वाजतोय'?"

"मग आता?"

"मग काय?" रोशनबीने पदर खोचला. "कुशाबातात्या, सरका जरा. खडू घिऊ द्या."