जुबिलीची साखरवाटी

१८८७ सालची गोष्ट. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं होणार म्हणून आमच्या गेट्सहेडच्या काचकारखान्यात मुकुटाच्या नक्षीची भांडी भराभर निघत होती. माझे वडील, कथबर्ट, तिथे साच्यात काच दाबायचे. जराशी तिरकी निघालेली एक साखरवाटी त्यांनी घरी आणली. निळी, काठाला मण्यांची ओळ. उन्हात धरली की भिंतीवर पाणी हलल्यासारखं दिसे. इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती.

मार्चातल्या एका दुपारी वडील धावत आले आणि दारातच थिजले. माझी धाकटी बहीण हेस्टर चुलीपुढे बसून, मांडीतली ती वाटी चमच्याने बडवत होती. दात येत होते, किरकिर करायची, म्हणून आजीने दिली होती.

"काय रे, भूत बघितलंस?" आजी कणीक मळत होती.

"आई, हळू बोल. टॅमसिन, ते दार लाव, पण आवाज करू नकोस." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "भट्टीवाल्यांनी घाई केली, माल नीट निवू दिला नाही. सकाळपासून फळीवरच्या वाट्या आपोआप फुटतायत, आणि ही त्याच मालातली. एकाचा डोळा गेला."

टक. टक. मी दार हळूच लोटून घेतलं.

"मग उभा काय राहिलास? घे काढून!"

"माझे हात बर्फ झालेत. गार लागलं तरी तडकेल."

आजीने हात पुसले, चुलीवर शेकले आणि ती रांगत पुढे गेली. "माझी लबाड कोकरी! आजीला देतेस?"

हेस्टरने वाटी छातीशी धरली, काठ चावायला लागली. आजीने बोटाला साखर लावून पुढे केली. तोंड उघडलं, मूठ सैल झाली. वडिलांनी पोरीला मागे ओढलं, आजीने वाटी ओच्यात घेतली.

"बाहेर नको! चुलीखालच्या ऊन राखेत!" वडील म्हणाले.

आजी वाटीवर राख ओढत असतानाच बंदुकीसारखा आवाज झाला. राखेत रक्त दिसलं.

"पोरीला लागलं का?" आजीने एवढंच विचारलं.

ओरखडाही नव्हता.

आजीची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. "राणीला भेट दिली," असं ती मरेपर्यंत सांगायची. वडील कारखाना सोडून बंदरावर कोळसा भरू लागले, आणि त्या कोळशानेच त्यांची छाती खाल्ली. मी शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही. हेस्टर आता संडरलँडला नातवंडांत रमली आहे. तिला यातलं काहीच आठवत नाही. तिच्या कपाटात निळ्या काचेची भांडी ओळीने मांडलेली असतात. मी तिच्याकडे गेले की लांबच्या खुर्चीत बसते.