बेल्जियमची बियर, पारोळा रोड

अभिमनचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर बसून सडकी लिंबं बाजूला काढत होतो.

"निंबा, सापडनं रे!" तो ओरडला.

"काय सापडलं?"

"बार! बंगळूरले! ग्लास बरोबर, फेस बरोबर, थंडावा बरोबर. बठ्ठं बरोबर शे. एक चूक नही!"

"वा वा, छान झालं," म्हणालो आणि फोन ठेवून दिला. खोटं कशाला बोलू, त्यानंतर चांगली लिंबंसुद्धा सडक्यांत टाकत बसलो.

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाला बंगळूरला बियर चांगली मिळाली, तर यात या निंबाचं काय जळतंय? तर ऐका. अभिमन आणि मी धुळ्याच्या शाळेत एका बाकावरचे. पुढे मी पारोळा रोडला परमिट रूम काढली, तो सुरतेला हिऱ्याच्या कामाला गेला. तिथून त्याच्या शेठने त्याला बेल्जियमला धाडला, अँटवर्प गावात. चौदा वर्षं डोळ्याला भिंग लावून हिऱ्यातले डाग शोधायचे, हे त्याचं काम. सहा वर्षांपूर्वी परत आला तो दोन गोष्टी घेऊन, कंबरदुखी आणि तिथल्या बियरचं वेड. बायको आधीच गेलेली. एकुलती एक मुलगी मेघा, ती बंगळूरला. देवपुरातल्या घरात हा एकटा. मग रोज दुपारी चारला माझ्याकडे यायचा, काउंटरसमोरच्या टेबलावर बसून सोडा मागवायचा आणि माझ्या बियरला शिव्या द्यायचा.

शिव्याच, दुसरा शब्द नाही. "हे काय, गोठवलेलं पाणी? निंबा, तिथे एकेका बियरचा आपापला ग्लास असतो. साधू लोक मठात बियर बनवतात. एक ग्लास घेऊन माणूस दोन तास बसतो." मी म्हणायचो, मग तिथेच बसायचं होतं ना मेल्या, आलास कशाला? की तो खूश. आमचं भांडण सुरू व्हायचं आणि माझी संध्याकाळ कधी व्हायची, कळायचंसुद्धा नाही.

बेल्जियमच्या बाहेर बेल्जियमची बियर धड मिळेल असा बार शोधायचाच, हे त्याने मनावर घेतलं. मुंबई झाली, पुणं झालं, गोवा झाला. प्रत्येक ठिकाणी काहीतरी खोट निघाली. जळगावला एक नवीन लाउंज उघडलाय आणि कार्डावर 'बेल्जियन' लिहिलंय, असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं, तर भर मे महिन्यात माझ्या बोलेरोत बसून आम्ही गेलो. एरंडोलपर्यंत एसी चालला, पुढे तोही बंद पडला. तिथे त्या वेटरने बियर आणली ती कसल्यात, तर लस्सीच्या ग्लासात! वर संत्र्याची फोड. अभिमनने ती फोड दोन बोटांनी उचलून कागदी रुमालावर ठेवली आणि एक घोट घेऊन म्हणाला, "ही बेल्जियमची नाही, आपल्याकडचीच आहे. नाव तेवढं तिकडचं." येताना अख्खा रस्ता तो बोलत होता आणि मी घामाने थबथबून हसत होतो. खरं सांगू? मजा यायची. हा बार कधी सापडूच नये असंच मला वाटायचं.

आणि आता सापडला. मेघा केव्हाची मागे लागली होती, "बाबा, इकडे या, घर विका." म्हणून हा पंधरा दिवस राहून बघायला गेला होता. रात्री पुन्हा फोन. घराला गिऱ्हाईक मिळालंय, पुढच्या मंगळवारी येतो, बुधवारी इसार घेतो, महिन्याभरात कायमचा बंगळूर.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, बारसाठी चाललाय ना हा? मग बार इथे करून दाखवतो. त्या बंगळूरवाल्यांना काय सोनं लागलंय?

आमच्या होलसेलवाल्याला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, मुंबईहून मागवावं लागेल, शेठ. म्हटलं मागव. सहा बाटल्या आल्या, साधूंच्या मठातल्याच, खोक्यात भुश्शात नीट बांधून. माझी बायको कमलबाई खोकं उघडताना उभी होती. म्हणाली, "माझ्यासाठी कधी मुंबईहून रुमालसुद्धा मागवला नाहीत." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग ग्लास. मेघाच्या फोनवरून अभिमनने त्या बारमधला फोटो पाठवला होता. रुंद तोंडाचा, खाली दांडी, दांडीखाली पाय. धुळ्यात शोधून थकलो, शेवटी जळगावला रतनलालशेठच्या क्रॉकरीच्या दुकानात गेलो. शेठ मारवाडी जैन, कांदासुद्धा न खाणारा माणूस. फोटो बघून म्हणाला, "आईस्क्रीमसाठी पाहिजे ना? फ्रूट सॅलडला पण चालतात."

"बियरसाठी पाहिजेत."

शेठने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावले. "भाऊ, दुकानात तेवढं नाव काढू नका. आईस्क्रीम म्हणून घेऊन जा." मी आईस्क्रीम म्हणून सहा ग्लास घेऊन आलो. हुबेहूब फोटोतले, बरं का!

मंगळवारी दुपारी चारला अभिमन आला. गिऱ्हाइकं नव्हती, बाहेर ऊन मी म्हणत होतं. हा नेहमीच्या टेबलावर बसला आणि सोडा मागवला. मी म्हणालो, "आज सोडा नाही. सुकदेव, आण."

सुकदेव माझ्याकडे बावीस वर्षं आहे. पारोळा रोडला त्याच्यासारखा वेटर नाही. बियर ओतावी तर त्यानेच. ग्लास तिरपा धरणार, धार काचेवरून सोडणार, बुडबुडा म्हणून दिसू देणार नाही. आमच्याकडे फेस म्हणजे चोरी. दोन बोटं फेस दिसला की गिऱ्हाईक, "फेस पाजतो का रे आम्हाला?" म्हणून सुरू होतं ते वेटरच्या बापापर्यंत जातं. त्यामुळे मी सुकदेवला एवढंच सांगितलं होतं, आज तुझी कला दाखव.

त्याने दाखवली. बाटली सकाळपासून डीप फ्रीजरमध्ये होती, बाहेरून पांढरी झालेली. ग्लास लिंबाच्या साबणाने दोनदा घासलेला, लख्ख. त्याने ग्लास तिरपा धरला, अख्खी बाटली ओतली, शेवटी उलटी करून तळाशी बसलेला गाळसुद्धा झटकून आत घातला. एक थेंब वाया नाही, एक बुडबुडा नाही. तळ्यातल्या पाण्यासारखी शांत बियर अभिमनपुढे ठेवून सुकदेव दोन पावलं मागे सरला आणि हात बांधून उभा राहिला.

अभिमनने बाटलीकडे बघितलं. मग ग्लासाकडे. मग माझ्याकडे. "हे तू मागवलंस?"

"पी आधी."

त्याने ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला. मी त्याच्या तोंडाकडे असा बघत होतो, जणू माझाच दहावीचा निकाल तिथे लागणार होता.

"ग्लास चांगला आहे," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि काय? निंबा, ही बियर आहे की कुल्फी? एवढ्या थंडीत जिभेला चव कळते का? फेस कुठे गेला? दोन बोटं फेस पाहिजे, त्यातच वास असतो. ग्लासाला साबणाचा वास येतोय, साबणाने फेस मरतो. आणि गाळ? गाळ बाटलीत ठेवायचा असतो रे, बाबा! अरे, साधूंनी वर्षभर..."

"बास!" मी टेबलावर हात आपटला. सुकदेव दचकला. "आठ दिवस गाढवासारखा राबलो. मुंबईपासून जळगावपर्यंत माणसं कामाला लावली. त्या रतनलालशेठने कान धरले माझ्यामुळे! आणि तू आल्या आल्या डाग शोधतोस? जा, जा तू बंगळूरला! तिथे बठ्ठं बरोबर शे ना? जा!"

"अरे, पण..."

"पण काय? तू गेलास तर दुपारी चार वाजता मी कुणाशी भांडू? या सुकदेवशी? हा माझ्या प्रत्येक गोष्टीला 'हो शेठ' म्हणतो. घरी कमलबाईपुढे माझी काय टाप आहे! सहा वर्षं तू रोज येतोस, सवय लावलीस आणि आता चाललास एका ग्लासासाठी. जाऊ नको ना, अभिमन. मला करमणार नाही."

बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं. एकसष्ट वर्षांचा बाप्या, असं कुणी बोलतं का? सुकदेव रिकामी बाटली घेऊन आत निघून गेला.

अभिमनने ग्लासाच्या दांडीवरून बोट फिरवलं.

"तिथे तीनदा गेलो मी," तो म्हणाला. "पहिल्यांदा वाटलं, अँटवर्पलाच बसलोय. दुसऱ्यांदाही छान वाटलं. तिसऱ्यांदा शेजारच्या माणसाला म्हणालो, फार चांगली आहे हो. तो 'यस अंकल' म्हणाला आणि फोनमध्ये बघायला लागला. संपलं. चूक काही नव्हतीच, मग पुढे बोलणार काय? मेघा आणि जावई रात्री नऊला येतात, थकलेले. त्यांचंही बरोबरच आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "पण तू ही गोष्ट मी जायच्या आधी बोलला असतास, तर मी घराला गिऱ्हाईक बघितलंच नसतं ना, येड्या."

"मला काय माहीत?"

"तुला कधी काय माहीत असतं!"

तो उठला, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि सरळ काउंटरच्या आत आला. दुसरे दोन ग्लास घेतले, नळाखाली नुसत्या पाण्याने चारदा विसळले. फ्रीजरमधली दुसरी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, आता अर्धा तास हिला कुणी हात लावायचा नाही. सुकदेवला हाक मारून समोर उभं केलं आणि ओतायचं कसं ते रिकाम्या बाटलीत पाणी भरून शिकवायला लागला. सुकदेवचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "फेस मुद्दाम काढायचा? भाऊ, गिऱ्हाईक मारेल मला."

तेवढ्यात मेघाचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला, हात ओले होते म्हणून.

"बाबा, उद्या इसाराला ते लोक अकरा वाजता येतील, कागद काढून ठेवा."

"मेघा, त्यांना नाही म्हणून कळव."

"म्हणजे? बरं नाही का तुम्हाला?"

"ठणठणीत आहे. अगं, या निंबाकडे अजून पाच बाटल्या आहेत आणि इथे एकालाही धड ओतता येत नाही. आखाजीच्या सणाला तूच ये इकडे, जावयांना घेऊन." मग म्हणाला, "रागावू नकोस बेटा. माझं इथे बरं चाललंय."

मेघा म्हणाली, "निंबाकाका आहेत का तिथे? त्यांना सांगा, तुमच्या गोळ्या आठवणीने द्यायच्या."

मी नुसता "हो हो" म्हणालो आणि उगाचच फ्रिजचं दार उघडून आत बघत उभा राहिलो.

अर्ध्या तासाने अभिमनने ती बाटली उघडली. सावकाश, मधोमध धार सोडून, वर दोन बोटं जाड फेस आणला, तळाचा गाळ बाटलीत ठेवला. एक ग्लास त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच या टेबलावर बसून गप्प राहिला.

मीही घेतला घोट. लवंग, गूळ, केळं आणि वरून कडवटपणा, असं काहीतरी एकदम तोंडात आलं. मला अजिबात आवडली नाही. तसं त्याच्या तोंडावर सांगून टाकलं. झालं! तिथून जे भांडण लागलं, ते संध्याकाळची गिऱ्हाइकं येऊन बसली तरी मिटलं नव्हतं.