पेपर प्लेट्स शीलाकडे

आम्ही पुण्याच्या होस्टेलच्या मुली, म्हणजे मुली कसल्या, चाळिशीला टेकलेल्या बायका, दर उन्हाळ्यात लंडनजवळ क्रॉयडनला एक हॉल घेऊन जमतो. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा. कोणी काय, ते वैभवी ईमेलवर ठरवते. आणि दरवर्षी माझ्या नावापुढे तेच: पेपर प्लेट्स, नॅपकिन्स, ज्यूस.

पहिल्या वर्षी म्हटलं, बरंच झालं. हॉस्पिटलात नाइट्स करून साउथहॅम्प्टनहून गाडी हाकत यायचं, त्यात स्वयंपाक कुठे करत बसू? दुसऱ्या वर्षीही मनाची तशीच समजूत घातली. पण नीना लेस्टरहून दोन ट्रेन बदलत येते, आणि तिच्याकडे मसालेभात! शेवटी वैभवीला फोन केला. म्हणाली, "अगं शीला, आपल्यात काहीजणी प्युअर व्हेज आहेत ना, उगाच कोणाला ऑकवर्ड नको." मी काय पातेल्यात बोकड घालून आणणार होते? धम्मशीला म्हटलं की यांच्या नाकाला आपोआप मटणाचा वास येतो!

आणि ही वैभवी कोण, तर माझी रूममेट. माझ्या आईचा डबा आला की माझ्याआधी हिचा हात आत. तेव्हा आईच्या हातचा ठेचा बोटं चाटून खायची. इथे येऊन ग्रुपची कारभारीण झाली आणि हिचं पोट सोवळ्यात गेलं. बाकीच्यांचं मी मनावर घेतलं नसतं. हिनं करावं, याचं फार लागलं.

या वर्षीच्या ईमेलला मी नुसतं 'ओके' म्हटलं. त्या दिवशी सकाळी उठून ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, टोपभर पिठलं घोटलं, वर ठेचा. प्लेट्स घेतल्याच नाहीत.

हॉलमध्ये सगळ्यांचे डबे उघडले, वास सुटला, भुका खवळल्या.

"शीला, प्लेट्स?" वैभवीनं विचारलं.

"नाही आणल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही आणल्या. भाकरी आणलीय. हातावर घ्या, वर काय हवं ते वाढून घ्या. आपल्या आज्या शेतात अशाच जेवल्या, कोणी मेलं नाही."

हॉलच्या किचनमधली कपाटं कुलूपबंद. सगळ्या एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. वैभवीनं गाडीची किल्ली उचलली. "मी पटकन दुकानातून घेऊन येते."

"ठेव ती किल्ली," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दे.

नीना पुढे झाली. तिनं भाकरी घेतली, तिच्यावर स्वतःचा मसालेभात आणि माझं पिठलं वाढून घेतलं नि खाली बसली. "ठेचा दे गं इकडे, जरा जास्तच दे." मग दुसरी उठली, तिसरी उठली. प्युअर व्हेजवाल्यासुद्धा! बेसनाला कोण काय म्हणणार?

वैभवी तेवढी उभी. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, सासूबाई आल्यात इकडे. त्यांच्या कानावर गेलं तर घरात..."

"सासूबाई मे महिन्यात आल्या. त्याआधी इतकी वर्षं कोण आलं होतं?"

मी हळू बोलले नाही. जेवणाऱ्यांचे हात थांबले. वैभवीचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता किल्ली घेऊन चालू पडते. गेली असती तर मी थांबवलं नसतं, आणि पुन्हा तिचं तोंड पाहिलं नसतं.

"कोणी नाही," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मीच."

मी तिच्या हातावर भाकरी ठेवली, पिठलं वाढलं. पुढचं गेट-टुगेदर साउथहॅम्प्टनला, माझ्या घरी, स्वयंपाक सगळा माझा, असं तिथेच जाहीर केलं. वैभवीनं हो म्हणून मान हलवली. मान हलवून भागत नाही, म्हटलं, जेव. तिनं पहिला घास गिळेपर्यंत मी तिच्या समोरून हलले नाही.