फोन नंबर तपासणारी

मी एका प्रोग्रामातली ओळ बोलतेय. पर्ल भाषेतली, जेमतेम वीतभर लांब. माझ्या जातीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. दवाखान्याच्या वेबसाइटवर कुणी फोन नंबर लिहिला, की तो आधी माझ्यापुढे येतो. नुसते दहा आकडे असले तर आत, नाहीतर आल्या पावली परत.

मला लिहिलं दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागातल्या एका मुलीनं. सुरुवातीला ती माझ्या टोकाला शेवटाची खूण करायला विसरली. दहा आकड्यांच्या मागून काहीही घुसायचं. "पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं," तिचे साहेब हसून म्हणाले. तिनं खूण घातली आणि मी कामाला लागले.

पुढे तिची आई वारली. वर्षभरात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. मुलगी घरूनच काम करू लागली. वडील पेशानं घड्याळजी. आपल्या कामात दुसऱ्याचा हात त्यांना खपत नसे. डॉक्टरांची वेळ घ्यायची तर तीही स्वतः, डाव्या हातानं.

बोट थरथरायचं. एका आकड्याचे दोन उमटायचे, मधेच एखादं अक्षर यायचं. मी 'चूक' म्हणून परत पाठवायची. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मुलगी मदतीला सरसावली की डोळे वटारायचे. मला सैल करणं तिच्या हातात होतं, पण तिनं ते केलं नाही. शेवटी एकदाचे सगळे आकडे जमले. मी आत घेतलं. बापलेक किती दिवसांनी हसले!

ठरल्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली, तर डॉक्टर रजेवर. कळवायला फोन केला होता, पण लागला नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. घरी येऊन मुलीनं तो नंबर पडद्यावर काढला आणि बघतच राहिली.

"बाबा, हा आईचा नंबर आहे."

त्यांना स्वतःचा नंबर कधी पाठच नव्हता. स्वतःला फोन कोण लावतो? पाठ होता तो हा एकच. मला तरी काय कळणार? मी आकडे मोजते, माणसं ओळखत नाही.

तिनं नंबर बदलला नाही. आईचा फोन कपाटातून काढला, नंबर पुन्हा चालू करून घेतला आणि वडिलांच्या खिशात ठेवला. दवाखान्यातून फोन आला, की ते कानाला लावून नुसते ऐकायचे. त्या बाईंनाही सवय झाली. "कळलं असेल तर टकटक करा, काका," त्या म्हणायच्या. काका नखानं फोनवर टकटक करायचे.

यंदा तेही गेले. दवाखान्यानं आता सगळं नवं घेतलंय, त्यात पर्लला जागा नाही. जुनं पुसण्याचं काम तिच्याकडेच आलंय. सकाळपासून भराभर पुसत आली आणि माझ्यापाशी येऊन थांबलीय.

पूस, बाई. माझ्या जागी येईल तिला एवढं शिकव, की कुणाला परत पाठवावं लागलंच, तर 'चूक' म्हणू नये, 'पुन्हा एकदा बघा' म्हणावं.

येते मी.