वस्ताद बोंग यांचं पहाडी दव

बुसानच्या मासळीबाजाराला लागून असलेल्या व्यायामशाळेत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मासळीवाल्या आज्या रबरी बुटांसकट जिना चढून आल्या होत्या. वस्ताद बोंग यांनी 'पहाडी दव' नावाचं औषध टोचलं की पोराच्या अंगात पर्वतदेव येई. पोर थरथरे, घामानं निथळे, भलतंसलतं बोले. मग वस्तादांनी मंत्र म्हणत मधाचं पाणी पाजलं की देव निघून जाई आणि फुगलेले दंड मागे ठेवी! इतका सोयीचा देव दुसऱ्या कुठल्या डोंगरावर सापडायचा नाही.

आज पाळी तेगिलची होती. शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी तो महिनाभर अर्धपोटी होता. त्याची थोरली बहीण योनसिल, शाळेतली आरोग्यशिक्षिका, आईनं केलेलं शिखे, म्हणजे भाताचं गोड सरबत, घेऊन आली होती.

"गोड? स्पर्धेच्या तोंडावर?" वस्ताद कडाडले. "बाई, हे दव हजार वर्षांच्या जिनसेंग मुळीचं आहे. त्याला फक्त माझा मध चालतो!"

"भारीच चोखंदळ दव दिसतंय," योनसिल म्हणाली.

दव आधीच टोचून झालं होतं. थोड्या वेळानं तेगिलचे हात लटपटू लागले, कपाळावरून घाम ओघळू लागला.

"आला, आला!" आज्या पुढे सरकल्या. एकीनं हात जोडून विचारलं, "देवा, यंदा बांगडा महागणार का रे?"

"माझी चप्पल... पोहतेय," तेगिल म्हणाला.

"महागणार!" आजीनं अर्थ लावून टाकला.

गर्दी खूश, म्हणून वस्तादही खूश. मधाचा पेला त्यांनी मागेच ठेवला. "आज देव रंगात आहे. बोलू द्या."

तेवढ्यात तेगिल पुटपुटला, "ताई, साखर उतरलीय."

एकच हशा पिकला. दुपार कलली की बुसानमध्ये जो तो हेच म्हणतो, कारकून म्हणतो, बसवाला म्हणतो, आणि तोंडात गोड गोळी टाकतो. आता देवही म्हणू लागला! योनसिलही सवयीनं हसली आणि हसता हसताच थबकली. तिच्या वर्गात एक मधुमेही मुलगी होती. इन्सुलिन जास्त झालं की तीही अशीच थंड घामानं भिजायची, अशीच बरळायची. तिच्यासाठी साखर मोजायचं यंत्र योनसिलच्या पिशवीत कायम असे. तिनं भावाचं बोट टोचलं.

"अडतीस! अहो, सत्तरच्या खाली गेली तरी धोका असतो. आजी, रुग्णवाहिकेसाठी ११९ला फोन लावा!" तिनं शिखेची बाटली त्याच्या ओठांना लावली. "तेगिल, गीळ. हळूहळू. हं, अजून एक घोट."

"मंत्राशिवाय देव जायचा नाही!" वस्ताद ओरडले.

देव गेला. बाटली संपून थोडा वेळ झाला आणि तेगिलनं डोळे चोळत विचारलं, "ताई, तू कधी आलीस?"

योनसिलनं तेच दव आणि सुई वस्तादांपुढे धरली. "घ्या, तुम्ही टोचून घ्या. मध मात्र मिळणार नाही."

"वेड लागलंय का तुला? मरेन ना मी!"

आज्या वस्तादांपासून दोन पावलं मागे सरकल्या. आपण काय बोलून बसलो ते वस्तादांना जरा उशिराच कळलं.

"ऐकलंत?" योनसिल म्हणाली. "हे इन्सुलिन आहे. साखर घटते, मेंदू उपाशी पडतो, म्हणून ही थरथर आणि ही बडबड. मधानं साखर चढते. मंत्राच्या जागी पाढे म्हटले असते तरी चाललं असतं!"

"म्हणजे बांगड्याचं काय?" आजीनं हळूच विचारलं.

औषधाचा अंमल अजून उतरायचा होता, साखर पुन्हा घसरू शकत होती, म्हणून तेगिलला दवाखान्यात नेलं. हाताला सलाईन लागल्यावर तो नजर चुकवत म्हणाला, "ताई, घरी टोचायलाही दव दिलं होतं वस्तादांनी. आज रात्रीपासून झोपताना घ्यायचं होतं."

तो खोलीत एकटाच राहत असे. "झोपेत साखर उतरली असती तर तू हाक तरी कुणाला मारणार होतास?" एवढं बोलून योनसिल रडू लागली, आणि रडता रडताच तिनं त्याच्या फुगलेल्या दंडावर एक चापट ठेवून दिली.

मंडळी, जे औषध मधुमेह्याला जगवतं तेच धडधाकट माणसाचा जीव घेऊ शकतं. कुणी तुम्हाला काही टोचायला आला तर त्यात काय आहे ते आधी विचारा. सांगत नसेल तर हात मागे घ्या.