लॉस्ट आणि मिसिंग : एका पाटीची कैफियत

मी एक पाटी आहे. शाळेतल्या मुलांची नव्हे, दुकानावरची नव्हे. ओकच्या लाकडाची, पुरुषभर उंचीची, आणि अंगावर माणसांची नावं वागवणारी. नावं सगळी बुडालेल्यांची.

माझा जन्म स्कार्निकचा. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर कड्याच्या पोटाला घरं चिकटवल्यासारखं ते गाव. एका वादळात खडकावर जहाज फुटलं, त्याच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. त्यातल्या तीन फळ्या सुतारानं जोडल्या, घासल्या, आणि मी झाले. गावच्या प्रार्थनाघरात डाव्या भिंतीवर मला टांगलं आणि माझ्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लॉस्ट ॲट सी'. दर्यात गमावलेले.

माणसं माझ्याकडे सरळ बघत नसत. दर्यावर जाणारे पुरुष तर माझ्या बाजूच्या बाकांवर बसतच नसत. लग्न असलं की माझ्यावर पांढरी चादर टाकत, नवरीची नजर पडू नये म्हणून. गावातली किती लग्नं मी त्या चादरीखालून नुसती ऐकली आहेत!

नावं लिहायला विल्फ गार्बट यायचा. दुकानांच्या पाट्या, होड्यांची नावं, सगळं त्याच्याच हातचं. होडी रंगवताना तो शीळ घालायचा. माझ्यासमोर बसला की कधी घातली नाही.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत 'एलिनॉर' नावाची होडी परतली नाही. तीन माणसं होती तिच्यावर. दोघे कोल भाऊ, आणि तिसरा रूबेन स्टॉर. वय एकतीस. आठवड्यानं कोल भाऊ किनाऱ्याला लागले. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यांच्या आईनं स्वेटरच्या विणीवरून ओळखले. रूबेन मात्र आला नाही. ना तो, ना त्याचा बूट, ना टोपी.

त्याच्या घरी दोन बायका. म्हातारी आई केझाया, आणि बायको ॲनिस. घरं शेजारी शेजारी, मधे एकच भिंत. मूलबाळ नव्हतं.

कोल भावांना मूठमाती दिल्यावर विल्फ रंगाचे डबे घेऊन आला. नवे पाद्री मिस्टर पेनॉक होते, दोघी बायका होत्या.

"दोनच नावं लिही विल्फ," ॲनिस म्हणाली. "तिसरं नको."

"का नको?" केझाया बाकावरून उठली. "माझ्या पोराचं नाव आहे ते."

"आई, कोल भाऊ लॉस्ट आहेत. आपण बघितलं त्यांना. रूबेन लॉस्ट नाही, तो मिसिंग आहे. पोलिसांच्या कागदावरसुद्धा तसंच लिहिलंय."

"मिसिंग!" केझायानं तोंड वाकडं केलं. "कोटाचं बटण मिसिंग असतं. सहा चमच्यांतला एखादा मिसिंग असतो. माझा मुलगा काय चमचा आहे?"

"आणि लॉस्ट छत्री होते, आई. बसमध्ये विसरली की. मी काय त्याला कुठं विसरून आलेय?"

मिस्टर पेनॉक बिचारे दक्षिणेकडचे. मधे पडले. "अहो, शब्द दोन, अर्थ एकच ना? माणूस आज आपल्यात नाही, एवढंच."

"तुम्ही जरा गप्प बसा," दोघी एकदमच म्हणाल्या. त्या दिवशी तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

विल्फ खाली बघत ब्रश पुसत होता. "अर्थ एक नाही हो, मिस्टर पेनॉक," तो म्हणाला. "जन्मभर अक्षरंच काढतोय मी. मिसिंग म्हणजे अजून कुणीतरी शोधतंय. लॉस्ट म्हणजे शोधणारे घरी गेले."

"गेलेच आहेत घरी," केझाया म्हणाली. "शोधायला गेलेली लाइफबोट गुरुवारीच परत आली."

"मी नाही गेलेय," ॲनिस म्हणाली.

विल्फनं दोनच नावं लिहिली.

आता तुम्ही म्हणाल, एका नावावाचून म्हातारीचं काय अडलं होतं? ऐका. दर ऑक्टोबरात आमच्याकडे मच्छीमारांचा रविवार असतो. खिडक्यांत मासेमारीची जाळी टांगतात, वेदीपुढं मासळीच्या टोपल्या ठेवतात, आणि माझ्यावरची सगळी नावं मोठ्यानं वाचतात. नाव आलं की त्या घरची माणसं उभी राहतात. आपलं माणूस गेलंय हे त्या दिवशी सगळ्या गावादेखत सांगता येतं. त्या वर्षी कोलांची आई उभी राहिली. केझाया बसून राहिली.

सोमवारी ती मला पुसायला यायची. आजूबाजूला कुणी नसलं की फडकं थांबायचं. "बाकीच्या आयांना रडायला एक दिवस तरी आहे," ती एकदा मला म्हणाली. "मला तोही नाही. डोळ्याला रुमाल लावायची चोरी. लगेच ही म्हणते, आई, असं अभद्र करू नका."

लाकडाला ऐकता येतं, तेवढंच.

पुढच्या वर्षी मच्छीमारांच्या रविवाराआधी, शुक्रवारी, विल्फ एकटाच आला. मान खाली. केझाया त्याच्या कार्यशाळेत दोन तास बसून होती म्हणे. त्यानं कोल भावांच्या खाली 'रूबेन स्टॉर' लिहिलं. हात नेहमीसारखाच नेटका चालला, पण ओल्या रंगाचा वास रविवारपर्यंत तसाच राहिला.

रविवारी मिस्टर पेनॉक वाचत वाचत शेवटच्या नावाशी आले. केझाया उभी राहिली. काळा कोट, पाठ ताठ. तेवढ्यात मागून ॲनिस चालत आली. ती ओरडली नाही, रडली नाही. माझ्यापुढं उभी राहिली, नाव वाचलं, आणि हातमोजा घातलेल्या हातानं ते पुसलं. तेलाचा रंग तो, दोन दिवसांत कुठला वाळतोय! 'रूबेन'चा पांढरा फराटा माझ्या काठापर्यंत ओढला गेला. माझ्यावर तोवर वादळं लिहिली गेली होती. पण एका माणसाच्या हाताचा एवढा जोर मी कधी सोसला नव्हता.

केझाया सगळ्यांदेखत म्हणाली, "दुसऱ्यांदा बुडवलंस गं माझ्या पोराला."

त्यानंतर अकरा वर्षं त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

भिंत तीच. एकीच्या चुलीवर किटली शिट्टी द्यायला लागली की दुसरीला ऐकू जायची. केझाया सोमवारी मला पुसायला यायची, ॲनिस गुरुवारी बाकं पुसायची. वार ठरलेले, गाठ पडू नये म्हणून. रूबेनचा वस्तरा ॲनिस दर महिन्याला तेल लावून ठेवते असं गाव म्हणे. शेजारच्या गावच्या एका सज्जन मास्तरांनी तिला मागणी घातली होती. "मला नवरा आहे," एवढंच ती म्हणाली. मास्तरांनी वर्षभरानं आमच्याच गावातल्या दुसऱ्या मुलीशी लग्न केलं, आमच्याच प्रार्थनाघरात. त्या दिवशी माझ्यावर चादर होती. ॲनिस नेहमी ज्या बाकावर बसे, तिथून कुणीतरी प्रार्थना अर्ध्यावर टाकून उठून गेल्याचं मला ऐकू आलं.

लोक विचारतात, दोघींतली खरी कोण? मला विचाराल तर दोघी खऱ्या. लॉस्ट हा शब्द माणसाला एकदाच मारतो. मिसिंग रोज थोडं थोडं मारतो, पण बुडालेल्याला नव्हे, वाट बघणाऱ्याला.

एकोणसत्तरच्या शरदात केझायाचं डोकं फिरलं. वेड नव्हे, विसर. आधी मला पुसून झाल्यावर पुन्हा पुसायला लागली. मग एका दुपारी होड्या लावतात त्या उतारावर सापडली. पायात घरातल्या सपाता, हातात फडक्यात बांधलेली गरम पाई, सारण भरून भाजलेली. "रूबेनला उशीर झालाय," ती होडीवाल्यांना सांगत होती. "उपाशी असेल."

कुणीतरी ॲनिसला बोलावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती म्हणाली, "आई, चला घरी." आणि केझाया, जणू कालच बोलणं झालं होतं अशी, तिचा दंड धरून निघाली. ॲनिसनं तिला स्वतःच्याच घरी ठेवून घेतलं.

हिवाळ्यात ॲनिस विल्फला घेऊन माझ्यापुढं आली. विल्फ एव्हाना म्हातारा झाला होता.

"लिही," ती म्हणाली.

"लॉस्टमध्ये?"

"हो. लॉस्टमध्ये."

विल्फनं डबा उघडला नाही. "ॲनिस, त्या दिवशी मी लिहायला नको होतं, मला ठाऊक आहे. पण आता का?"

ती बाकावर बसली. "रोज चार वाजले की त्या विचारतात, रूबेन आला का? आणि मी म्हणते, येईल हं आई. अकरा-बारा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले. मला वाटायचं, मी निष्ठेनं सांगतेय. आता त्यांच्या तोंडून ऐकते ना, तेव्हा कळतं ते कसं ऐकू येतं." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "त्यांना रडायला एक दिवस हवा होता रे. मी दिला नाही. आता देते. त्यांना शुद्ध आहे थोडी, तेवढ्यात देते."

विल्फनं डाव्या हातानं उजवं मनगट धरून नाव लिहिलं. या वेळी ते पूर्ण वाळू दिलं.

मग एका सकाळी ॲनिस केझायाला घेऊन आली. म्हातारीला तोच काळा कोट घातला होता, केस विंचरले होते. ॲनिसनं तिला माझ्यासमोर उभं केलं आणि बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं.

केझायानं सावकाश वाचलं. एकेक अक्षर. मी जीव मुठीत धरून होते, लाकडाला जीव असेल तर.

"रूबेन स्टॉर," ती म्हणाली. "अरेरे. तरणाताठा असेल. कुणाचा गं हा?"

ॲनिसनं तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

"आपल्या ओळखीतला होता, आई."

"त्याच्या आईला भेटून यायला हवं," केझाया म्हणाली. "पण आज नको. रूबेन येईल जेवायला."

दोघी हात धरून बाहेर पडल्या. केझाया त्यानंतरच्या वसंतात गेली, शेवटच्या दिवसापर्यंत दाराकडे बघत. पुढच्या मच्छीमारांच्या रविवारी रूबेनचं नाव वाचलं तेव्हा ॲनिस एकटी उभी राहिली. दोघींचं रडणं तिनं एकटीनं केलं. तीही आता नाही.

पुढं गावात होड्या उरल्या नाहीत, मग माणसं उरली नाहीत. प्रार्थनाघर विकलं गेलं. लीड्स शहरातल्या एका जोडप्यानं त्याचं सुट्टीतलं घर केलं. माणसं वाईट नाहीत. मला काढून टाकलं नाही, शोभेची वस्तू म्हणून जेवणाच्या टेबलाशी ठेवलं. पाहुणे सूप पिता पिता माझ्याकडे बघतात. "किती छान जुनं लाकूड आहे!" म्हणतात. परवा एकीनं विचारलं, "ही खरी माणसं होती का?" घरमालकीण म्हणाली, "असतील बहुतेक."

माझा तुमच्यावर राग नाही. एवढंच सांगते, कुणाचं माणूस गेलं, की त्याच्यासाठी शब्द तुम्ही निवडू नका. घरच्यांना विचारा. घरात दोघं असतील तर दोघांना विचारा, आणि दोन शब्द आले तर दोन्ही ऐकून घ्या.

आणि माझ्या तळाशी अजून सात ओळींची जागा मोकळी आहे. ती तशीच राहू द्या.