डोर्कसचा नळ

वस्तीतल्या पाच नळांपैकी चारांच्या बंदुका झाल्या, तरी डोर्कस रोज सकाळी उरलेल्या पाचव्या नळाखाली कॅन लावायची. आठ वर्षांपूर्वी निवडणुकीच्या तोंडावर मंत्रीसाहेबांनी फीत कापली, फोटो काढले आणि गेले ते गेलेच. पाण्याचा थेंब आला नाही. पोर्ट मोर्सबी शहराच्या या टेकडीवरच्या वस्तीला सरकारने दिलं काय, तर लोखंडी पाइप. तेवढे मात्र पोरांना गावठी बंदुकांच्या नळ्या करायला बरोब्बर कामी आले!

"आलं का गं पाणी?" नवरा केपास दारातून विचारायचा.

"येईल. तुमच्यासारखंच आहे मेलं, निवांत."

बुधवारी तिचा दीर सिमियन आला. सासू गेली तेव्हा हा चार वर्षांचा, डोर्कसनेच वाढवला. आता तिशीचा घोडा झाला, तरी आला की आधी चुलीतलं रताळं उचलायचा, मग बोलायचा. आज त्याने रताळ्याला हातही लावला नाही.

"वहिनी, नळाचा पाइप दे."

"कशाला?"

"शुक्रवारी सकाळी कंपनीची पगाराची गाडी खालच्या रस्त्याने जाते, ती अडवायची. बाकीच्यांकडे बंदुका आहेत, माझ्याकडेच नाही."

"लाज नाही वाटत रे, मेल्या?"

"वाटून काय करू? नोकरीसाठी तीन वर्षं कचेरीत चपला झिजवल्या. सुपारीचा ठेला टाकला, तो पोलिसांनी पेटवला. तक्रार द्यायला गेलो तर मलाच बडवलं. आता तूच सांग, जाऊ कुणाकडे?"

डोर्कस आणखीच चिडली.

"मोरेआच्या बायकोकडे जा!"

मोरेआ बस चालवायचा. डोर्कसचे भरलेले कॅन लांबच्या नळावरून फुकट आणून द्यायचा. गेल्या महिन्यात वस्तीतल्याच एका पाइपच्या बंदुकीने त्याचा जीव घेतला.

सिमियनने मान खाली घातली. "मी मारणार नाही गं कुणाला. नुसती दाखवायची."

"मोरेआला मारलं त्यांनीही नुसती दाखवायलाच नेली होती."

"उद्या करवत घेऊन येतो," एवढं बोलून तो गेला.

"तू नाही म्हणालीस तरी कापून नेईल तो," केपास हळूच म्हणाला.

डोर्कसने नळाकडे पाहिलं. मग उठली आणि चर्चच्या भिंतीचं उरलेलं सिमेंट घेऊन आली. केपासच्या लक्षात आलं. आठ वर्षं त्या नळाची चेष्टा करणारा तो माणूस मुकाट्याने पाना घेऊन आला आणि त्याने तोटी सैल केली. घरातल्या शेवटच्या तांब्याभर पाण्यात तिने सिमेंट कालवलं आणि पाइपात ओतलं, काठोकाठ. ओतताना ती हमसून हमसून रडली. केपासने तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार बिचारा!

गुरुवारी दुपारी सिमियनने करवत लावली. अर्ध्यात पाती अडकली. त्याने वाकून पाहिलं, तर आत सगळं राखाडी, घट्ट.

"वहिनी, हे काय केलंस? आता पाणी आलं तर?"

"आलं तर दुसरा नळ बसवेन," डोर्कस म्हणाली. "तू गेलास तर दुसरा कुठून आणू?"

सिमियन करवत तिथेच टाकून निघून गेला. त्या रात्री डोर्कसचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी उजाडताच ती बाहेर आली, तर सिमियन उंबऱ्यावर बसून रताळं सोलत होता. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला, आणि पाठोपाठ दोन बार झाले. सिमियनचा हात थांबला. गाडी अडवायला गेलेली पोरं त्याच्याच बरोबरीची होती.

डोर्कस त्याला खेटून बसली आणि मिठाची वाटी तिने पुढे सरकवली.

"खा," ती म्हणाली. "मग पाण्याला जायचंय. दोन कॅन तू घे."